हारातला गुलाब काळा का पडतो, अन् मांडवातला झेंडू पिवळाच का राहतो

आमच्या शेजारी एप्रिलमध्ये लग्न झालं. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव, ऊन ४५ च्या आसपास, म्हणून लग्न संध्याकाळचं. हार हौसेने नागपूरहून आणलेले, सीताबर्डीच्या फुलबाजारातून, लाल गुलाब, मधे मधे मोगरा अन् खाली शेवंतीचा गोंडा. नव्या सुनेला आपला हार आठवण म्हणून ठेवायचा होता, आजकाल मोबाईलवर दिसतं ना ते, वरमाला रेझिनमध्ये म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकमध्ये टाकायची, फ्रेम करायची अन् भिंतीवर लावायची, तर तिने तो आपल्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवला की पाहुणे गेले अन् सवड झाली की पाठवू. दहा दिवसांत गुलाब काळे पडले, मोगरा चहाच्या चोथ्यासारखा झाला. सासूबाई सहज बोलून गेल्या, "लग्नाचा हार असा काळा पडणं काही चांगलं नाही बापा." त्या एका वाक्यावर ती पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ती माझ्याकडे आली अन् तिने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "ताई, माह्या हारातले गुलाब काळे पडले, मग मांडवाच्या तोरणातला झेंडू काऊन नाही पडला? तो तं अजून तसाच लटकून हाय." एकाच लग्नातली फुलं, एकाच दिवशी आणलेली. एक काळं पडलं, एक नाही. शकुन-अपशकुन असता तर त्याने झेंडूला का सोडलं असतं? तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण अशा सुना अन् अशा सासवा गावोगाव आहेत.

रंग पाकळीला लावलेला नसतो

आपल्या डोक्यात फुलाचा रंग म्हणजे भिंतीला दिलेल्या डिस्टेंपरसारखा असतो, एकदा दिला की भिंत वाळली तरी रंग तोच. फुलात तसं नाही. पाकळी म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक बारीक पिशव्या एकमेकींना चिकटवून केलेला पातळ पडदा आहे, अन् प्रत्येक पिशवीत पाणी. ताज्या पाकळीच्या वजनात ८० ते ९० टक्के पाणीच असतं. गुलाबाचा लाल रंग या पिशवीतल्या पाण्यात विरघळलेला असतो, रंगपंचमीच्या बादलीत रंग विरघळतो तसा. आता बादलीतलं पाणी उडून गेलं तर खाली काय राहील? तोच प्रश्न वाळणाऱ्या फुलाचा आहे.

जो पदार्थ रंग देतो त्याला रंगद्रव्य म्हणतात. फुलांमध्ये त्याची मुख्य घराणी तीन. लाल-गुलाबी-जांभळ्या-निळ्या बहुतेक फुलांत अँथोसायनिन असतं, पिवळ्या-केशरी बऱ्याच फुलांत कॅरोटिनॉइड, अन् बोगनवेल, कोंबडा नावाचं तुऱ्याचं फूल, बीट यांच्यात बीटालेन. पांढऱ्या फुलात डोळ्याला दिसेल असं रंगद्रव्य नसतंच, त्याचं वेगळं सांगते. हे तीन शब्द लक्षात नाही राहिले तरी चालेल, एवढंच लक्षात ठेवा की घराणं वेगळं तर वाळल्यावरचं वागणं वेगळं.

हळदीचं कुंकू होतं तसं

जुन्या पद्धतीचं कुंकू कसं करतात ते आपल्या घरच्या म्हाताऱ्या बायांना विचारा. पिवळी हळद अन् त्यात चुना, की लालभडक. आमच्या जिल्ह्यात वायगावची हळद प्रसिद्ध आहे, तिचा डाग साडीला लागला अन् साबण लावला की डाग लाल होतो हे प्रत्येकीने पाहिलंय, वर लिंबू पिळलं की परत पिवळा. हळद तीच आहे, भोवतालचं पाणी आंबट आहे की चुना-साबणासारखं खारट-तुरट आहे त्यावर तिचा रंग ठरतो.

गुलाबातलं अँथोसायनिन अगदी असंच वागतं. आंबट पाण्यात लाल, आंबटपणा कमी झाला की जांभळट, साबणासारख्या पाण्यात निळं-हिरवं. शाळेत मुलांकडून जास्वंदाच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून घेते, त्या पाण्यात लिंबू पिळलं की गडद गुलाबी, खायचा सोडा टाकला की हिरवं, पोरं वर्गात ओरडतात अक्षरशः. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ मध्ये छापलेल्या पुस्तकात व्हायोलेट नावाच्या जांभळ्या फुलांच्या पाकात आंबट टाकलं की लाल अन् सोड्यासारखं काही टाकलं की हिरवं होतं हे लिहून ठेवलंय, म्हणजे ही माहिती साडेतीनशे वर्षं जुनी आहे. पुढे रिचर्ड विलश्टेटर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लाल गुलाब अन् युरोपातलं कॉर्नफ्लॉवर नावाचं निळंशार फूल, दोघांतून रंग काढला तर तो एकच निघाला. वनस्पतींच्या रंगांवरच्या कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं. निळ्या फुलात त्याच रंगाला लोखंड अन् मॅग्नेशियमचे कण धरून बसलेले असतात हे नंतर कळलं. मला हे दरवर्षी शिकवताना नवल वाटतं, लाल गुलाब अन् निळं फूल आतून सख्खे भाऊ.

आता हार. तोडलेलं फूल म्हातारं होऊ लागलं की पाकळीतली प्रथिनं तुटतात, त्यातून अमोनिया तयार होतो अन् पिशवीतल्या पाण्याचा आंबटपणा कमी होत जातो. म्हणून लाल गुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी किंचित जांभळट-निळसर दिसायला लागतो, काळा पडायच्या आधी ही पायरी असतेच, नीट बघितलं तर दिसते. त्याच वेळी पाणी उडून पाकळी आक्रसते, म्हणजे तळहाताएवढ्या जागेत पसरलेला रंग बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाटीवाटीने येतो. दाट लाल अन् वरून जांभळट म्हणजे आपल्या डोळ्याला काळा. तुमच्याकडे असा काळा गुलाब असेल तर त्याची एक पाकळी उजेडासमोर धरून बघा, कडेला गडद मरून दिसेल.

इथे कोणी म्हणेल की ओलं लुगडं गडद दिसतं अन् वाळल्यावर फिकं, मग गुलाब उलटा कसा? कारण लुगडं वाळलं तरी त्याची लांबी-रुंदी तेवढीच राहते, रंग तेवढ्याच जागेत पसरलेला असतो. पाकळी मात्र आक्रसून जाते. शिवाय ताज्या गुलाबाच्या पाकळीवर अतिशय बारीक टोकदार उंचवटे असतात, मखमलीसारखी चमक त्यांच्यामुळे येते, वाळताना ते ढासळतात अन् चमक जाते.

कापलेलं वांगं अन् मोगऱ्याचा तपकिरी रंग

मोगऱ्यात लाल रंग नव्हताच, मग तो का बिघडला? पांढरं फूल पांढरं दिसतं ते पाकळीत पिशव्यांच्या मधे जी हवा भरलेली असते तिच्यामुळे, उजेड तिथे सगळीकडे विखुरतो, साबणाचा फेस पांढरा दिसतो तसं. पाकळी वाळली, चपटी झाली की ही रचना मोडते.

अन् मग तपकिरीपणा. वांगं कापून तसंच ठेवलं की पाच-दहा मिनिटांत काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. सुरीने काय केलं, तर आतल्या भिंती तोडल्या. फुलाची पेशी, म्हणजे वर सांगितलेली ती बारीक पिशवी, आपल्या जुन्या मातीच्या घरासारखी समजा, एका खोलीत एक सामान, दुसऱ्या खोलीत दुसरं. एका खोलीत तुरट पदार्थ असतात, दुसरीकडे एक एन्झाइम बसलेलं असतं, एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं झटपट करून देणारं प्रथिन. भिंत उभी आहे तोपर्यंत दोघांची भेट नाही. फूल कोमेजलं, दाबलं, चुरगळलं की भिंत पडते, दोघं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो अन् तपकिरी रंग तयार होतो. मोगऱ्याची कळी बोटांनी जोरात धरली की संध्याकाळी बरोबर तिथेच डाग दिसतो ते यामुळेच. हारातल्या गुलाबालाही हे झालंच, फक्त लाल रंगाखाली तपकिरी लपला.

या एन्झाइमला काम करायला ओलावा लागतो. पाकळी ठणठणीत वाळली की ते बसून जातं. म्हणजे खरा धोका मधल्या काळात आहे, फूल मेलंय पण अजून ओलं आहे तो काळ. तो जेवढा लांबला तेवढा रंग गेला.

तिच्या खोलीत जाऊन पाहिलं अन् मला उत्तर मिळालं. खिळा कुलरच्या बरोबर समोर होता. आपल्याकडे उन्हाळ्यात कुलरशिवाय निघत नाही, पण कुलर म्हणजे ओल्या जाळीतून येणारी दमट हवा, त्यामुळे हार धड ताजा राहिला नाही अन् धड वाळलाही नाही, आठ-दहा दिवस त्या मधल्या अवस्थेत लटकत राहिला. बाहेर मांडवात मात्र आपली विदर्भाची कोरडी गरम हवा, कुरडया-पापड एका दिवसात कडक करणारी, तिने झेंडू दोन दिवसांत वाळवून टाकला.

पण झेंडूचा रंग मुळातच वेगळा आहे

नुसती हवा हे कारण नाही. झेंडूचा पिवळा-केशरी म्हणजे कॅरोटिनॉइड, त्यातही मुख्य ल्युटिन नावाचं. हे पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, पाकळीत ते पाण्याच्या पिशवीत नसून वेगळ्या बारीक कणांमध्ये साठवलेलं असतं. त्यामुळे पाणी आंबट झालं काय, उडालं काय, त्याला फारसं देणंघेणं नाही. भाजीवर तरंगणारी लाल तर्री आठवा, मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, ते याच घराण्यातलं. भिवापूरची मिरची उन्हात वाळून लालच राहते ती म्हणून. अन् झेंडूतला हा रंग इतका टिकाऊ की पाकळ्या वाळवून त्यातून तो काढतात अन् कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, अंड्यातला बलक पिवळाधमक व्हावा म्हणून.

तिसरं घराणं आपल्या शेतात फुकट उगवतं. कपाशीत-सोयाबीनमध्ये कुर्डू निघतो ना, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्याचा, निंदताना आपण उपटून फेकतो, तो अन् अंगणातला कोंबडा एकाच वंशातले. यांच्यात अन् बोगनवेलीत बीटालेन असतं, बीट कापल्यावर हाताला लागतं ते. आंबटपणा थोडाफार बदलला तरी याचा रंग अँथोसायनिनसारखा उलटापालटा होत नाही. निसर्गाची एक गंमत म्हणजे ज्या झाडात बीटालेन असतं त्यात अँथोसायनिन सापडत नाही. त्यातून ही फुलं जिवंत असतानाच कागदासारखी कोरडी, पाणी कमी, म्हणजे तो मधला धोक्याचा काळही छोटा. कुर्डूचे तुरे बांधून उलटे टांगून ठेवा, बरेच महिने बघण्यासारखे राहतात. मला तर वाटतं आठवणीच्या फ्रेमसाठी महागड्या गुलाबापेक्षा हेच फूल जास्त प्रामाणिक आहे, पण लग्नाच्या हारात कुर्डू कोण घालणार!

गोकर्णाचं निळं फूल अँथोसायनिनवालं असूनही वाळल्यावर निळं राहतं, कारण त्याच्या रंगाच्या कणाला बाजूने दुसरे कण चिकटून त्याला सांभाळून धरतात. त्याचा निळा चहा करतात, लिंबू पिळलं की जांभळा होतो.

पळस अन् मोह, दोन टोकं

आपल्या भागात हा विषय लिहायचा अन् या दोघांना सोडायचं हे मला जमणार नाही. फागुनात पळस पेटतो, ती फुलं वेचून आपण वाळवतो, वाळल्यावर ती अगदी मळकट तपकिरी दिसतात, कोणाला वाटेल आता यात काय उरलं. पण रात्रभर भिजवली किंवा उकळली की पिवळं-केशरी पाणी तयार, चिमूटभर चुना टाकला की अजून गडद. पळसाचा रंग या तिन्ही घराण्यांपेक्षा वेगळा पडतो, हळदीसारखाच तोही चुन्याने गडद होतो. सांगायचं काय, तर फुलाचं दिसणं बिघडलं म्हणजे आतलं रंगद्रव्य गेलंच असं नसतं.

मोहाचं उलट. पहाटे झाडाखाली पडलेलं मोहफूल फिकट पिवळसर, रसाने टच्च, अन् अंगणात तीन-चार दिवस वाळवलं की मनुक्यासारखं तांबूस तपकिरी. गडचिरोली-गोंदियाकडे हा दर उन्हाळ्याचा देखावा. त्याच्यात साखर भरपूर, वांग्यासारखी तपकिरी होण्याची क्रिया तर चालतेच, शिवाय साखर अन् प्रथिनांचे तुकडे उष्णतेने एकमेकांत मिसळून भाकरीवर डाग पडतात तसा रंग धरतात. मोह तपकिरी झाला तर आपण कोणी अपशकुन म्हणतो का? उलट नीट वाळला म्हणतो.

सावलीत वाळवायचं की उन्हात?

आजी सांगायच्या मेथी, कढीपत्ता सावलीत वाळव, हिरवा राहतो. बरोबर आहे ते. पण सावली म्हणजे अंधारी दमट खोली नाही, कोरडी वारा लागणारी सावली. ऊन लवकर वाळवतं पण त्यातले अतिनील किरण रंगाचे कण तोडतात. एसटी स्टँडवर उन्हातलं जुनं पोस्टर बघा, लाल-पिवळं उडालेलं असतं अन् माणसाचा चेहरा निळा उरलेला असतो, म्हणजे सगळे रंग सारखे उडत नाहीत, काही आधी जातात. फुलाचंही तसंच.

अन् हे वाळून झाल्यावरही चालूच राहतं. वस्तुसंग्रहालयांत नाजूक रंगाच्या वस्तूंवर उजेड ५० लक्सच्या आत ठेवायची पद्धत आहे, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. आपल्या अंगणात भर दुपारी थेट उन्हात साधारण १ लाख लक्स असतो. फ्रेम खिडकीसमोर लावली तर दोन-तीन वर्षांत ती फिकी पडणारच, अन् उजेडाने तुटलेला रंग परत येत नाही.

रेझिनमध्ये तर हवाच जात नाही, मग तिथे का बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण लोक पैसे खर्च करतात अन् वर्षभराने नाराज होतात. रेझिन म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणारं काचेसारखं प्लास्टिक. फूल पूर्ण वाळलेलं नसेल तर ओलावा आतच बंद होतो, पाकळीत थोडी हवा असतेच, तपकिरी व्हायला तेवढं पुरतं. दुसरं, हे दोन द्रव घट्ट होताना गरम होतात, थर जाड ओतला तर जास्तच, त्या गरमीने फूल भाजतं. तिसरं, रेझिन स्वतः उजेडाने हळूहळू पिवळं पडतं, मग मोगरा पिवळा झाला की त्याच्यावरची काच पिवळी झाली हेच कळत नाही.

अन् पांढऱ्या पाकळ्या रेझिनमध्ये काचेसारख्या आरपार का दिसतात? भजी बांधलेला कागद आठवा, तेल लागलं की पलीकडची बोटं दिसतात. कागदातल्या हवेच्या जागी तेल शिरलं. पाकळीतल्या हवेच्या जागी रेझिन शिरतं. फूल विरघळलेलं नसतं, त्याचा पांढरेपणा हवेचा होता अन् हवा गेली.

बरेच कारागीर वाळलेल्या पाकळीवर हलका रंग मारून मग रेझिन ओततात. त्यात फसवणूक नाही, पण आधी विचारून घ्या, म्हणजे नंतर मनाला लागत नाही. दुकानात मिळणारे वर्षभर टिकणारे मऊ गुलाबही असेच, त्यांचं पाणी काढून ग्लिसरीन भरलेलं असतं अन् रंग वरून दिलेला असतो.

हार ठेवायचाच असेल तर

त्याच रात्री उसवा, उद्यावर टाकू नका. आपण सवयीने हारावर पाणी शिंपडतो, ठेवायच्या हारावर ते करू नका. चांगली फुलं निवडून स्टीलच्या डब्यात सिलिका जेलमध्ये पुरायची, नव्या पर्समध्ये जी बारीक पुडी येते त्यातले ते ओलावा शोषणारे दाणे, सुटे विकत मिळतात. खाली थर, त्यावर फूल, मग पाकळ्यांच्या मधे जाईल असं हळूहळू वरून ओतायचं, झाकण घट्ट. पातळ फूल दोन-तीन दिवस, गुलाब पाच ते सात दिवस. निळे दाणे ओलावा प्यायले की गुलाबी होतात, पण त्या निळ्यात कोबाल्ट या धातूचा विषारी क्षार असतो, घरात लहान लेकरं असतील तर ते आणूच नका, नारंगी किंवा पांढरे घ्या. दाणे मिळाले नाहीत तर नदीची बारीक रेती धुऊन, चाळून, उन्हात खडखडीत वाळवून वापरा, ती ओलावा पीत नाही पण फुलाचा आकार धरून ठेवते अन् आपली एप्रिल-मेची हवा बाकीचं काम करते. डबा मात्र उघडा ठेवायचा रेतीचा, अन् कुलरच्या खोलीत नाही. पावसाळ्यात हे जमत नाही.

पुस्तकात दाबायचं असेल तर कोरा कागद खाली-वर ठेवा अन् पहिले चार-पाच दिवस रोज बदला. लोक एवढंच विसरतात. तोच ओला कागद आठवडाभर राहिला म्हणजे पुन्हा तो मधला काळ आलाच.

गेलेला रंग परत येतो का?

त्या सुनेच्या घरी मी दोन कप घेऊन गेले. काळ्या गुलाबाच्या सात-आठ पाकळ्या दोन्हींत टाकल्या, वर गरम पाणी. दहा मिनिटांनी पाणी मळकट जांभळट-तपकिरी झालं. मग एका कपात अर्धं लिंबू पिळलं. पाणी गुलाबी-लाल झालं, अगदी हार घातला त्या संध्याकाळसारखं. पाकळी परत ताजी होत नाही, तपकिरी झालेला भागही सुधारत नाही, पण उरलेला लाल आतच होता, त्याच्या भोवतीचं पाणी तेवढं बदललं होतं.

सासूबाई चुलीपुढून उठून आल्या अन् कप हातात घेऊन उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनीच उरलेल्या गुलाबाच्या पाकळ्या हारातून सोडवायला घेतल्या, एका डब्यात भरल्या, झाकण लावलं अन् कपाटात साड्यांखाली, अंधारात ठेवला. "अन् ह्या मोगऱ्याले लिंबू पिळलं तं?" त्यांनी विचारलं.

मोगऱ्याचं काही होत नाही काकू, म्हटलं, त्यात रंग नव्हताच, होती ती हवा.